तुटकीचा फोटो

लालासाहेब सुभेदारांनी मोटारसायकल बंद केली नाही, तेव्हाच हरणाबाईच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस गाडी बांधाला लावायचा, पालात येऊन बसायचा, कोरा चहा मागून घ्यायचा आणि पलटणीतल्या त्याच त्या चार गोष्टी पुन्हा सांगायचा. एकोणीस वर्षं त्यांच्या रानात तिच्या नवऱ्याची, आप्पासोची, मेंढरं बसत होती. ऊस तुटला की सुभेदारांचाच निरोप जतकडं जायचा, रान मोकळं झालंय, या. मेंढरांनी आठ-दहा दिवस बसून लेंड्या-मुतानं रान खतवायचं आणि सुभेदारांनी जोंधळ्याचं पोतं द्यायचं, असा साधा व्यवहार. त्यात कधी कागद आला नव्हता. या उन्हाळ्यात आला.

"आप्पा, वाघर काढ," सुभेदार गाडीवरूनच म्हणाले.

वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. आप्पासोनं ती कालच पुढच्या तुकड्यात नेऊन लावली होती. मेखा ठोकून तळहाताची साल निघाली होती, तिला तो तेल लावत बसला होता.

"आजून चार दिस हायत की, सुभेदार. निम्मं रान ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊ दे ऱ्हायलं तर. दिस मावळायच्या आत रान मोकळं पायजे." सुभेदारांनी सदऱ्याच्या आतून घडी घातलेला पेपर काढला. "एकेचाळीस माणसं आडवी झाल्यात गावात. हागवण, उलट्या. माझी नात कोरेगावला सलाईनवर हाय."

"आगं बया," हरणाबाई उठून पुढं आली. "पोर बरी हाय न्हवं?"

"बरी हाय आता." सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं नाही. "तुमी मेंढरं धुतलीसा म्हणं वड्यात. पाण्याच्या हिरीच्या वरच्या अंगाला."

"कवा?" आप्पासोला खरंच कळेना.

"मला काय ठावं? पेपरात आलंय."

"आवं, आमी वड्याला गेलोच न्हाई ह्या बारीला. तुमच्या मोटरंचं पाणी पाजतोय. सकाळच्या पारी तुमीच येऊन मोटर चालू करताय की."

गाडी फटफटत राहिली. पाण्याची मोटर सुभेदार स्वतःच्या हातानं चालू करत होते, मेंढरं पाण्याच्या दंडाला तोंड लावून पिताना रोज उभं राहून बघत होते. ते त्यांनी नाकारलं नाही. फक्त म्हणाले, "मला ठावं हाय रं. पर पेपरात आलंय म्हंजी कायतरी असंलच न्हवं."

स्वतःच्या डोळ्यांवर छापील कागदानं अशी मात केली. सुभेदार वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. पंचवीस वर्षं सरहद्दीवर पेपर आठ दिवस उशिरा यायचा आणि सगळी तुकडी तो देवाच्या पोथीसारखा वाचायची. ती सवय काही गेली नव्हती. पेपर बांधावर ठेवून ते निघून गेले. मोटरीचा फ्यूज त्यांनी सकाळीच काढून नेला होता, ते बिरदेव पाणी बघायला गेला तेव्हा कळलं.

बिरदेव हा आप्पासोचा एकुलता मुलगा. त्याची बायको प्रांजल जतच्या शाळेतून बारावी झालेली. कोकरांना बाटलीनं दूध पाजायचं, झोळीतलं वर्षाचं पोर सांभाळायचं आणि औषधांच्या बाटल्यांवरचं वाचायचं, ही तिची कामं. तिनं पेपर मांडीवर उलगडला.

"'दूषित पाण्याने एकेचाळीस जण अत्यवस्थ,'" ती वाचू लागली. "'परजिल्ह्यातून आलेल्या मेंढपाळांनी ओढ्यात मेंढ्या धुतल्याचा संशय. ग्रामस्थांमध्ये तीव्र संताप.'"

"कुणाकुणाची नावं हायत?" हरणाबाईनं विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण गाऱ्हाण्यात कोण कोण उभं आहे हे विचारायची तिची रीत होती.

प्रांजलनं बोट फिरवलं. "सरपंचांचं हाय. भाऊसोंचं हाय, 'जागरूक शेतकरी' म्हणून. मेंढपाळांना तालुक्यात बंदी घाला म्हणत्यात."

"भाऊसो म्हंजी त्यो पोल्ट्रीवाला?"

"व्हय."

"आनि आपलं?"

"आपलं नाव न्हाई, आत्या. आपण काय म्हणतोय तेबी न्हाई."

"आमाला इचारलंच न्हाई तर काय असणार?" बिरदेव मेखा उपटत ओरडला. "ती पोल्ट्री बघा जावा म्हणावं. हिरीच्या वरच हाय. सगळं धुवून वड्यात सोडत्यात."

"पोल्ट्रीचं एक अक्षर न्हाई," प्रांजल म्हणाली.

हरणाबाईचं लक्ष आता फोटोवर होतं. ओढ्यात गुडघाभर पाण्यात मेंढरं, काठाला पाठमोरा माणूस. तिनं कागद सुनेच्या हातातून घेतला आणि उन्हाकडं धरला. बराच वेळ ती बघत राहिली.

"ही तुटकी हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आगं, ही तुटकी. डावा कान कुत्र्यानं तोडलेला, आनि पुढच्या गुडघ्यावर पांढरा ठिपका. ही बघ." मग तिनं रानाकडं हात केला. दोनशे मेंढरं उन्हात मान खाली घालून, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. महिन्यापूर्वी कराडकडं कातरणी झाली होती. अंगावर नखभर लोकर नव्हती, कातडीवर कात्रीचे ओरखडे अजून दिसत होते. "आनि ह्या फोटोत बघ केवढी लोकर. कातरणीच्या आदीचा हाय ह्यो. आनि तुटकी तर गेल्या साली हायवेला ट्रकखाली गेली. मेलेली मेंढी काल वड्यात कशी गेली गं?"

प्रांजल कागदाकडं आणि सासूकडं बघत राहिली. शाळेत तिला बातमी कशी लिहावी हे शिकवलं होतं. बातमी कशी बघावी हे आज एका निरक्षर बाईनं शिकवलं.

आप्पासो तेवढ्यात पालात गेला आणि देवाची पेटी घेऊन आला. भंडाऱ्याच्या डबीखाली एक कात्रण होतं, प्लास्टिकमध्ये पक्कं बसवलेलं. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या पानावर आप्पासो झळकला होता. 'मेंढ्यांची लेकरासारखी काळजी घेणारा आप्पासो' असं वर मोठ्या अक्षरात. एवढंच बिरदेवनं तेव्हा वाचून दाखवलं होतं, मग कात्रण हळद-कुंकू लावून जे पेटीत गेलं ते दसऱ्यालाच बाहेर यायचं. खालची बारीक अक्षरं आजवर कुणी वाचली नव्हती. देवाच्या पेटीतली वस्तू कोण वाचत बसतं?

फोटो तोच होता. तोच ओढा, तीच तुटकी, तोच पाठमोरा आप्पासो.

आप्पासोचा चेहरा उजळला, आणि ते बघून मला त्याची दयाच येते. "आरं, मग पेपरवाल्या शिवतेजचंच काम हाय हे! त्यो आपला माणूस. त्याला कुणी सांगितलं नसंल आपुन हाय म्हणून. उद्या जाऊन सांगतो, छापील लगेच."

"गुंडा मेंढक्यानं दिलेली ही," हरणाबाईनं कात्रण हातात घेऊन तुटकीवर बोट ठेवलं. "बिरदेवच्या लग्नात. अथणीवरनं चालवत आणली हुती बिचाऱ्यानं."

आप्पासोनं कात्रण तिच्या हातातून घेतलं. "आवरा आता. ऊन कलतंय," तो म्हणाला.

*

सकाळी आप्पासो आणि प्रांजल वडापच्या गाडीनं कोरेगावला गेले. बिरदेव आणि हरणाबाईनं मेंढरं रस्त्यानं पूर्वेला हाकली. एकोणीस मेंढ्या गाभण होत्या आणि कालपासून कुणाच्याच पोटात पाणी नव्हतं.

शिवतेजचं दुकान स्टँडजवळ होतं. बाहेर फ्लेक्स, आत पेपरचं बातमीदारपण. मशीन चालू होतं आणि त्यातून भाऊसोचा चेहरा वीतवीत बाहेर पडत होता. आधी फेटा, मग कपाळ, मग गॉगल. वाढदिवसाचा फ्लेक्स होता.

"आवं, या या आप्पा!" शिवतेज मनापासून उठला. हसरा, पस्तिशीचा माणूस. "बसा. वहिनी, बसा."

आप्पासो बसला नाही. त्यानं प्रांजलकडं बघितलं. प्रांजलनं दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"फोटो एकच हाय," ती म्हणाली.

शिवतेजनं बघितलं. "फाईल फोटो हाय त्यो, वहिनी. तसं खाली लिहायचं राहून गेलं."

"ह्यात मेंढरांवर लोकर हाय. आमची मेंढरं महिन्याखाली कातरल्यात. कातरणीच्या आदी धुत्यात मेंढरं, नंतर कोण धुतंय? रानात येऊन एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं."

"सात गावं हायत माझ्याकडं. कुठंकुठं येऊ? भाऊसोंचा फोन आला, सरपंचांचा आला. तुमचा न्हाई आला."

"तुमी लावायचा."

"नंबर न्हवता हो."

"मामांचा नंबर तुमीच घेतला हुता, दोन सालाखाली."

शिवतेज हसला, पण जरा कमी. मशीनमधून भाऊसोची मिशी बाहेर आली होती.

"हिरीच्या वर ह्यांची पोल्ट्री हाय," प्रांजल फ्लेक्सकडं बघत म्हणाली. "ते का न्हाई लिहिलं?"

"त्याला पुरावा लागतो."

"आनि आमच्याला?"

"तिथं संशयच म्हणलंय की मी. तुमी केलं असं कुठं लिहिलंय?"

उत्तर होतं ते बाहेर रस्त्यावर, दोनशे तहानलेल्या तोंडांत. प्रांजल म्हणाली, "संशयानं मोटर बंद झाली, दादा. मेंढरं कालपासनं पाण्याबिगर हायत."

"हे बघा, पाणी तपासायला गेलंय. अहवाल आला की बघू. तवर तुमचं म्हणणं द्या लिहून, दोन ओळी आतल्या पानावर लावतो." शिवतेजनं आवाज खाली आणला. "मी मेंढपाळांच्या विरोधात असतो तर हे लिहिलं असतं का?" त्यानं कात्रण तिच्याकडं सरकवलं. "वाचा की, केवढं कौतुक केलंय."

प्रांजलनं वाचलं. हळदीचे डाग ओलांडत ती खालच्या बारीक अक्षरांपर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"मामा," ती म्हणाली.

"काय गं?"

"'सीमेपलीकडून येणारे काही मेंढपाळ मात्र बेशिस्त आहेत. ते ओढ्याचे पाणी खराब करतात, उभ्या पिकात मेंढ्या सोडतात. त्यांच्यामुळे आमचेही नाव बदनाम होते, अशी खंत आप्पासो यांनी व्यक्त केली.'"

आप्पासो मशीनकडं बघू लागला.

"हे तुमी म्हणलासा?"

"म्हणले हुते की," शिवतेजच बोलला. "माझ्या मनाचं एक अक्षर मी घालत न्हाई."

दोन ओळी लिहून द्यायच्या राहूनच गेल्या. आप्पासो दुकानाची पायरी उतरून कधीच बाहेर गेला होता.

वडापमध्ये गाडीच्या आवाजात, सुनेकडं न बघता तो म्हणाला, "त्यानं चहा पाजला. फोटू काढलं. मग इचारलं, बाकीचं मेंढपाळ कसं हायत? मला वाटलं, आपुन चांगलं दिसावं."

सीमेपलीकडून, अथणीवरून, सुभेदारांच्या उंबरमळा गावच्या ओढ्याला येणारा मेंढपाळ एकच होता. गुंडा. कात्रणातली ती ओळ छापून आली त्या उन्हाळ्यात गावानं त्याला एका दुपारीत हाकलून दिलं होतं. वाटेत उपाशी मेंढरं कुणाच्या तरी कोवळ्या ज्वारीत शिरली आणि फुगून चाळीस मेंढरं तिथंच मेली. बातमी आली तेव्हा आप्पासो म्हणाला होता, त्याचं नशीब. गुंडाचं नशीब पेटीत, भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवलेलं होतं.

*

मेंढरं सापडली ती रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली. बिरदेवचा सदरा फाटला होता.

"पयल्या गावात हापशाला हात लावू दिला न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्यात पोरं मोबाईल घेऊन आली. ह्येच ती मेंढरं म्हणत्यात. आरं, ह्यांच्यावर लोकर कुठाय म्हणलं, तर ढकललं मला. आम्हाला शिकवतो का म्हणत्यात."

हरणाबाई जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीत कोकरू होतं, ओलं, दिवस भरायच्या आधीच पडलेलं. ती त्याच्या नाकपुड्या पदरानं पुसत होती, तोंडात फुंकर घालत होती. कोकराची मान प्रत्येक वेळी मागं पडत होती. मेंढी उभीच होती, चाटायलाही तिच्या जिभेला ओल नव्हती.

"सोडा आत्या," प्रांजल म्हणाली.

हरणाबाईनं सोडलं नाही. आणखी थोडा वेळ फुंकलं, मग कोकरू निंबाच्या मुळाशी ठेवलं आणि त्यावर पाला टाकला. "सकाळधरनं दोन मेंढ्या पडल्या," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या दुपारपातूर पाणी न्हाई मिळालं तर कळप ऱ्हात न्हाई. सांगून ठेवते."

"दगडखाणीवर पाणी हाय," बिरदेव म्हणाला. "तीन मैल. गुंडाकाका असतंय तिथं उन्हाळ्यात."

"तिथं न्हाई जायाचं," आप्पासो म्हणाला.

"का?"

आप्पासो काठीनं माती उकरत राहिला. प्रांजलनं झोळीतलं पोर खांद्यावर घेतलं. सांगायचं ते तिचं नव्हतं.

"का न्हाई?" हरणाबाई ओरडली. "लेकराच्या लग्नात मेंढी घालणारा माणूस त्यो! मेंढरांचं तोंड बघा की जरा! जिभा बाहेर आल्यात!"

आप्पासोनं मेंढरांकडं बघितलं. तुटकीची लेक समोरच होती, आईसारखाच गुडघ्यावर पांढरा ठिपका, पहिल्या खेपेची गाभण. ती त्याच्या धोतराचा घामेजलेला काठ चोखत होती. तो उठला आणि पूर्वेकडं चालू लागला.

*

खाण दिसायच्या आधी मेंढरांना पाण्याचा वास लागला. मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही. उतारावरून सगळा कळप धुरळा उडवत खाली धावला. खाली गुंडाची मेंढरं पाण्यावर होती, त्यांच्यात हा कळप घुसला आणि दोन्ही एक झाले. मेंढरं पुढच्या पायांवर बसून पीत होती, एकमेकींच्या पाठीवर चढून पीत होती.

गुंडा काठावर उभा होता. दोन वर्षांत वाळला होता, कळप निम्म्यावर आला होता. आप्पासोला वाटलं, आता हा काठी उगारेल. गुंडानं काठी दगडाला टेकवली आणि पुढं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाटच बघत हुतो गड्या. म्हणलं, हिकडंच येणार. लोकांनी मोबाईलात दाखवलं मला. मला काय वाचाय येत न्हाई, पर फोटोत बघितलं तर आपली तुटकी. ती तर मेली न्हवं गेल्या साली? मेलेली मेंढी वड्यात धुतली म्हणत्यात! तवाच कळलं, सगळं खोटं हाय." त्यानं चंची काढली, तंबाखू मळून आप्पासोच्या हातावर ठेवली. "घे. तोंड सुकलंय तुझं."

हरणाबाई रडू लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी, तुमी न्हाई केलं, असं म्हणालं होतं.

"माझ्यावरबी असंच आलं हुतं," गुंडा म्हणाला. "कुणीतरी पेपरवाल्याला सांगितलं म्हणं, की गुंडाची मेंढरं पाणी नासवत्यात. कोण त्यो, आजून कळलं न्हाई. तुला इचारलं असतं त्यांनी तर तू सांगितला असतास, गुंडा तसला न्हाई म्हणून. पर आपल्याला कोण इचारतंय?"

आप्पासोच्या हातावरची तंबाखू तशीच होती. मळलेली तंबाखू तळहाताच्या सोललेल्या जागेवर झोंबत असणार, पण त्यानं मूठ मिटली.

"प्रांजल," तो म्हणाला, "ते काढ."

"मामा, आता कशाला..."

"काढ. वाच त्याला. खालचं सगळं वाच."

प्रांजलनं कात्रण काढलं. तिला ती ओळ गाळता आली असती, कागद तिच्याच हातात होता. पण म्हातारा तिच्या तोंडाकडंच बघत होता. तिनं सगळं वाचलं. 'अशी खंत आप्पासो यांनी व्यक्त केली,' इथपर्यंत.

पाणी पिणाऱ्या मेंढरांचा आवाज तेवढा राहिला. बिरदेवनं बापाकडं बघितलं आणि मान फिरवली. हरणाबाईचं रडणं थांबलं होतं.

गुंडा हसला. त्याला खरंच हसू आलं होतं. "आरं, पेपरवालं मनाचं घालत्यात. आत्ताच बघितलं की आपुन, मेलेल्या मेंढ्या जित्त्या करत्यात ही लोकं. तू न्हाई म्हणला असशील असलं."

मोकळी वाट समोर होती. एवढं खोटं छापणाऱ्याच्या अंगावर आणखी एक खोटं सहज खपलं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं.

"म्हणलो हुतो," आप्पासो म्हणाला.

गुंडाचं हसू जागच्या जागी राहिलं, मग हळूहळू गेलं. त्यानं पाण्याकडं तोंड केलं. मग म्हणाला, "मेंढरं पिऊ दे पोटभर. मग हाक."

"कुठं हाकू रं?"

गुंडा काठी घेऊन कळपात शिरला.

दोन्ही कळप असे एकमेकांत मिसळले होते की निवडल्याशिवाय कुणालाच हलता येत नव्हतं, आणि निवडणं एका माणसाचं काम नव्हे. तेव्हा दोघं समोरासमोर उभे राहिले. मेंढी मधून यायची, गुंडा तिच्या कानाची खूण बघायचा आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं लोटायचा. आप्पासो आपली तेवढी ओढून घ्यायचा. उन्हं खाणीच्या कडेवर गेली. दोघांच्या अंगाचा घाम, लेंड्यांचा वास, खुरांखालचा चिखल.

शेवटी शेवटी तुटकीची लेक आली. गुंडानं तिचा कान धरला आणि थांबला. त्यानं वाकून तिच्या गुडघ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला, मग भरलेल्या पोटाखाली हात घालून कोकरू चाचपलं. आप्पासो हात पुढं करून उभा होता, पण तिला ओढायचा त्याला धीर होईना.

"तुझी हाय ती," गुंडा म्हणाला, आणि मेंढी त्याच्याकडं लोटून पुढचीचा कान बघू लागला.